दुसऱ्या खुर्चीवरून : तुमचा बँडलीडर कोणता?

मागच्या अंकात मी तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. अमेरिकेतल्या स्विंगच्या, म्हणजे मोठ्या बँडच्या नाचायच्या जॅझच्या, जमान्यातला, साधारण १९३५ ते १९४६ या काळातला, तुमचा सगळ्यांत आवडता बँडलीडर कोण आणि का? पत्रांचा ढीग आला. सगळ्यांत जास्त पत्रं ग्लेन मिलर आणि बेनी गुडमन यांच्या बाजूची, सगळ्यांत लांब पत्रं ड्यूक एलिंग्टनच्या बाजूची. काहींनी उलट मलाच प्रश्न घातले, त्यातले काही इथे घेतो आहे. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी बावीस वर्षं नाचाच्या बँडमध्ये दुसरा आल्टो सॅक्सोफोन वाजवला. दुसऱ्या आल्टोच्या वाट्याला सोलो जवळजवळ येतच नाही, त्याच्या कागदावर मधले सूर लिहिलेले असतात. पण त्या खुर्चीवरून लीडर फार जवळून दिसतो. माझी मतं तिथूनच तयार झाली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे बाप-लेकीचा वाद पेटला आहे. बाबांच्या मते ग्लेन मिलरसारखा लीडर झाला नाही. मला गुडमनपुढे मिलर गुळगुळीत वाटतो. तुम्हीच निकाल द्या.

निकाल तुमच्या बाजूनं देतो. पण बाबांची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा पक्की आहे, म्हणून आधी ती.

'इन द मूड' घ्या. त्यातली ती सारखी फिरून येणारी चाल मिलरची नव्हे, ती १९३० सालीच विंगी मनोनच्या एका तबकडीवर ऐकू येते. जो गार्लंडनं ती घेऊन अरेंजमेंट बांधलं, म्हणजे कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं ते लिहून काढलं, आणि ते आधी आर्टी शॉ या क्लॅरिनेटवादक बँडलीडरकडे गेलं. शॉच्या बँडनं १९३८ मध्ये ते रेडिओवर वाजवलं, सहा मिनिटांहून लांब. तेव्हाच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे शॉनं ते रेकॉर्ड केलं नाही. मिलरनं हातात कात्री घेतली. काय ठेवायचं, काय उडवायचं, शेवटी तीच चाल किती वेळा आणायची, दर खेपेला आवाज किती हळू करायचा आणि मग सगळा बँड एकदम कुठे सोडायचा, हे त्यानं ठरवलं. १ ऑगस्ट १९३९ ला ते रेकॉर्ड झालं. ती शेवटची, आवाज हळू होत जाणारी आवर्तनं ऐका. नाचणारी माणसं श्वास रोखून थांबली असतील, हे तबकडीवरूनसुद्धा कळतं. हे काम सोपं नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या बँडच्या आवाजाची. बाकीच्या बँडांत सॅक्सोफोनच्या रांगेत वरचा सूर पहिल्या आल्टोचा असायचा. मिलरनं तो क्लॅरिनेटला दिला, तीच चाल खालच्या सप्तकात एका टेनरला (आल्टोहून खालच्या आवाजाच्या सॅक्सोफोनला) दिली आणि उरलेले तीन सॅक्सोफोन मधल्या जागेत भरले. 'मूनलाइट सेरेनेड' लावा, दोन बारांत (तालाच्या दोन मापांत) कळतं हा कुणाचा बँड. ती रांग मी स्वतः वाजवली आहे. मधल्या तिघांपैकी एकाचा सूर केसभर जरी चढला तरी सगळा रेशमी पोत फाटतो. मिलरचे लोक ते रात्रीमागून रात्री न फाटता वाजवत होते.

मग मिलर मागे का? त्याच्याकडे जे पहिल्या दिवशी पक्कं झालं ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. तबकडीवरचा सोलो लोकांना जसाच्या तसा हवा असतो हे त्यानं ओळखलं आणि वाजवणाऱ्यांकडून तो तसाच वाजवून घेतला. लोक खूश झाले. 'चॅटनूगा चू चू' इतकं खपलं की १० फेब्रुवारी १९४२ ला कंपनीनं सोनेरी मुलामा दिलेली तबकडी त्याला भेट दिली, आणि गोल्ड रेकॉर्डची प्रथा तिथून सुरू झाली. पण त्या बँडमध्ये एखाद्या रात्री काही नवं घडेल, अशी वाट पाहायला जागा उरली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यानं ऐन भरात असलेला बँड मोडला आणि तो सैन्यात गेला. १५ डिसेंबर १९४४ ला इंग्लंडहून फ्रान्सला निघालेलं त्याचं छोटं विमान इंग्लिश खाडीवर नाहीसं झालं. तो चाळीस वर्षांचा होता. पुढे काय केलं असतं, हा प्रश्न त्याच्या बाबतीत मनातून जात नाही.

आता गुडमन. शिकागोतल्या गरीब ज्यू कुटुंबातलं, बारा भावंडांतलं नववं मूल. क्लॅरिनेटचे पहिले धडे सिनेगॉगमध्ये मिळाले. १९३४ च्या अखेरीस त्याच्या बँडला 'लेट्स डान्स' या रेडिओ कार्यक्रमात जागा मिळाली, तीही तीन बँडांत शेवटची. न्यूयॉर्कला तेव्हा मध्यरात्र उलटलेली असायची, पण पश्चिम किनाऱ्यावरची घड्याळं तीन तास मागे. तिथली तरुण पोरं जागी असायची आणि ऐकायची. पुढच्या उन्हाळ्यात बँड दौऱ्यावर निघाला, जागोजागी पडला. २१ ऑगस्ट १९३५ ला लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये मंडळी पोचली तेव्हा गुडमन खचलेला होता. सुरुवात नेहमीच्या मऊ, बिनधोक गाण्यांनी झाली, गर्दी थंड. मग त्यानं फ्लेचर हेंडरसनची अरेंजमेंट्स काढायला लावली, आणि लोक नाचणं सोडून स्टेजभोवती जमा झाले. स्विंगच्या जमान्याची सुरुवात याच रात्रीपासून मोजतात.

इथे हेंडरसनचं नाव मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. हा कृष्णवर्णीय पियानोवादक विसाच्या दशकातच न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममध्ये स्वतःचा बँड चालवत होता. लुई आर्मस्ट्राँग १९२४ मध्ये त्याच्याकडे वाजवायला आला. ट्रम्पेट-ट्रॉम्बोननं एक वाक्य म्हणायचं आणि सॅक्सोफोनच्या रांगेनं उत्तर द्यायचं, ही जी स्विंगची ओळख, ती त्याच्या आणि डॉन रेडमनच्या लेखणीतून घडली. पण पैशाचा हिशेब त्याला कधी जमला नाही, आणि तीच अरेंजमेंट्स गुडमनला विकायची वेळ आली. एका बँडला तारे करणारं काम दुसऱ्या बँडला पोटापुरतंही देत नव्हतं. त्यात वर्णाचा वाटा किती मोठा होता हे वेगळं सांगायला नको. गुडमननं हेंडरसनचं श्रेय कधी लपवलं नाही, एवढं त्याच्या खात्यावर.

आणखी एक गोष्ट त्याच्या खात्यावर. गोरे आणि काळे वादक लोकांसमोर एकत्र वाजवत नसत त्या काळात त्यानं टेडी विल्सन आणि मग लायनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय वादकांना आपल्या शेजारी स्टेजवर बसवलं.

माणूस म्हणून त्याच्या हाताखाली बसणं कठीण होतं. कुणाचं चुकलं की चष्म्यावरून त्याच्यावर नजर रोखायचा. वादकांनी त्या नजरेला 'द रे' असं नावच पाडलं होतं. मी अशा नजरेखाली दोन वर्षं काढली आहेत, लीडरचं नाव सांगत नाही. त्या दोन वर्षांत माझी एकही चूक झाली नाही आणि एकही बरा सूर लागला नाही.

तरीही गुडमन का, याचं उत्तर १६ जानेवारी १९३८ च्या, न्यूयॉर्कमधल्या कार्नेगी हॉलच्या मैफलीत आहे. तिचं ध्वनिमुद्रण १९५० मध्ये एलपीवर आलं, जरूर मिळवा. शेवटाकडे 'सिंग, सिंग, सिंग' आहे. जीन क्रुपाचे ड्रम्स घुमतायत, गुडमनचा सोलो अगदी वरच्या बारीक सुरावर जाऊन विरतो. इथे सगळा बँड कोसळून शेवट करणार असं वाटतं. त्याऐवजी पियानोवर जेस स्टेसी सुरू होतो. ते ठरलेलं नव्हतं. एवढ्या गदारोळानंतर तो दोनेक मिनिटं शांतपणे, जवळजवळ प्रार्थनेसारखं वाजवतो आणि क्रुपा खाली दबक्या हातानं ठेका धरून राहतो. गुडमनला एका इशाऱ्यात ते तोडता आलं असतं. त्यानं ते होऊ दिलं. लीडर स्वतः वाजवायचा थांबल्यावर काय होतं ते मी ऐकतो, माझी फूटपट्टी तीच आहे. बाबांना तेवढा तुकडा ऐकवा.

प्रश्न : एलिंग्टन मोठा की काउंट बेसी? दोघंही पियानिस्ट, दोघांचेही बँड पन्नास-पन्नास वर्षं चालले. मला दोन्ही आवडतात पण फरक शब्दांत मांडता येत नाही.

फरक कागदात आहे. एलिंग्टनच्या बँडच्या कागदांवर 'पहिला ट्रम्पेट', 'दुसरा ट्रम्पेट' असं लिहिण्याऐवजी माणसांची नावं असायची. हा कूटीचा कागद, हा हॉजेसचा. तो सूर लिहायचा तो त्या माणसाच्या फुंकीसाठी. १९४० मधलं 'कन्चर्टो फॉर कूटी' घ्या. कूटी विल्यम्स आधी ट्रम्पेटच्या तोंडावर रबरी प्लंजर धरून गुरगुरतो, कुजबुजतो, आणि मधे एकदम उघडा ट्रम्पेट काढून आवाज असा मोकळा सोडतो की खोलीचं छत उंच झाल्यासारखं वाटतं. कूटीला जे जे येतं ते एलिंग्टननं सव्वातीन मिनिटांत मांडून ठेवलं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कूटी गुडमनच्या बँडमध्ये गेला.

असा माणूस गेल्यावर काय उरतं? ७ नोव्हेंबर १९४० ला बँड नॉर्थ डाकोटातल्या फार्गो गावी नाचाच्या कार्यक्रमाला वाजवत होता. रे नान्स कूटीच्या जागी नुकताच आलेला. दोन तरुणांनी परवानगी काढून, तबकडी कोरणारं यंत्र स्टेजजवळ लावून ती रात्र टिपली. बेन वेब्स्टरचा टेनर, जिमी ब्लँटनचा बास, थंडीच्या दिवसातला आडगावचा हॉल, आणि बँड असा वाजतो आहे की जणू कार्नेगी हॉलच. मी एलिंग्टनच्या 'को-को' या रचनेचं स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण शेकड्यानं वेळा ऐकलं असेल, पण एलिंग्टन म्हणजे काय हे मला फार्गोच्या त्या रात्रीनं समजावलं. कूटी गेला, तर नान्समध्ये काय आहे ते तो शोधू लागला.

बेसीकडे कितीतरी वेळा कागदच नसायचा. कान्सस सिटीच्या रीनो क्लबमध्ये रात्रभर वाजवणारी ही मंडळी. एकानं एक तुकडा म्हणायचा, रांगेतल्या बाकीच्यांनी तो उचलून सूर वाटून घ्यायचे, आणि चार रात्रींत बंदिश तयार. याला ते हेड अरेंजमेंट म्हणत. सगळं डोक्यात, कानात. रेकॉर्ड-निर्माता जॉन हॅमंडनं १९३६ मध्ये शिकागोत गाडीतल्या रेडिओवर हा बँड ऐकला, म्हणून तो बाहेर आला. पहिला रेकॉर्डिंगचा करार मात्र फार वाईट झाला. चोवीस बाजूंचे ७५० डॉलर आणि रॉयल्टी शून्य. 'वन ओ'क्लॉक जंप' त्याच करारात गेलं. हे वाचलं की अजूनही माझा जीव तुटतो.

'वन ओ'क्लॉक जंप' म्हणजे साधं बारा बारांचं ब्लूज. बेसी पियानोवर सुरुवात करतो आणि मग स्वर बदलून हर्शेल इव्हान्सच्या टेनरला वाट देतो. पुढे लेस्टर यंगचा टेनर येतो. वाद्य एकच, पण हर्शेलचा आवाज भरीव, छातीतून आलेला, आणि लेस्टरचा हलका, जमिनीला पाय न लावता चालणारा. दोन टेनर असे एकमेकांविरुद्ध बसवणं ही बेसीची नजर. स्वतः बेसी काय करतो? दोन सूर. थांबतो. आणखी एक सूर. त्या मोकळ्या जागेत वॉल्टर पेजचा बास, जो जोन्सच्या ड्रम्समधली हाय-हॅट झांज आणि फ्रेडी ग्रीनची गिटार दिसू लागते. हो, दिसू लागते असंच म्हणेन.

तर मोठा कोण? रचनाकार म्हणून एलिंग्टनच्या जवळपास कुणी नाही. पण आवडता लीडर विचाराल तर माझा बेसी. एलिंग्टननं हरेक माणसासाठी सूर शोधून दिला. बेसीनं हात वर उचलला आणि माणसांनी आपापला सूर शोधला. माझ्या खुर्चीवरून मला तसा लीडर हवा होता.

प्रश्न : 'बँड बॅटल' म्हणजे काय? खरंच हार-जीत ठरायची का?

ठरायची, आणि ठरवायची नाचणारी माणसं. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये दोन स्टेजं शेजारीशेजारी होती, एक बँड थांबला की दुसरा सुरू. घरचा बँड चिक वेबचा. वेबला लहानपणी पाठीच्या कण्याचा क्षय झाला होता, उंची जेमतेम चार फूट. ड्रमचं पेडल त्याच्या पायांच्या बेतानं बनवलेलं. नोटेशन वाचता यायचं नाही, सगळी अरेंजमेंट्स तोंडपाठ. ११ मे १९३७ ला गुडमनचा बँड त्याच्याशी भिडायला आला. आत चार हजार माणसं, बाहेर रस्त्यावर त्याहून जास्त. गुडमननं हिट गाणी वाजवली, वेबनं त्यातलंच काही त्याच्यावर उलटवलं. क्रुपानं पुढे मोकळेपणानं मान्य केलं की त्या रात्री आपल्याहून सरस माणसानं आपल्याला हरवलं.

कार्नेगी हॉलची ती मैफल झाली त्याच रात्री वेबचा सामना बेसीशी होता. बेसी आणि त्याचे काही वादक आधी कार्नेगी हॉलमध्ये पाहुणे म्हणून वाजवून मग हार्लेमला गेले. एका शहरात एका रात्री एवढं सगळं! वेब त्यानंतर दीडच वर्ष जगला. जून १९३९ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या बँडची धुरा त्याच्याच गायिकेनं घेतली, एला फिट्झेराल्डनं. ती तेव्हा बावीस वर्षांची होती.

प्रश्न : सगळी नावं पुरुषांचीच का? बायकांचे बँड नव्हते?

होते. इना रे हटनचा 'मेलोडिअर्स' होता. माझ्या मते सगळ्यांत दमदार 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम'. मिसिसिपीतल्या पायनी वुड्स शाळेत गरीब मुलींचा बँड म्हणून सुरू झाला, १९४१ मध्ये शाळेपासून वेगळा झाला, पुढे ॲना मे विनबर्न लीडर. वेगवेगळ्या वंशांच्या मुली एकत्र, त्यामुळे दक्षिणेत पोलिसांची सतत भीती; त्या बसमध्येच जेवायच्या आणि झोपायच्या. त्यांची ध्वनिमुद्रणं फार थोडी आहेत. मिळतील ती ऐका, ट्रम्पेटची रांग ऐका.

प्रश्न : आर्टी शॉनं एवढं यश सोडून दिलं. हा पळपुटेपणा नाही का?

नाही वाटत मला. 'बिगिन द बिगीन' जुलै १९३८ मध्ये रेकॉर्ड झालं, आणि वर्षभरात त्याला रस्त्यावर चालणं मुश्कील झालं. त्याला नवं काही वाजवायचं होतं, लोकांना दर रात्री तेच हवं होतं. नोव्हेंबर १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेल पेनसिल्व्हेनियामध्ये तो स्टेजवरून उतरला आणि मेक्सिकोला निघून गेला. परत आला, पुन्हा बँड उभे केले. १९५४ मध्ये क्लॅरिनेट ठेवला तो कायमचा, आणि त्यानंतर पन्नास वर्षं जगला. १९४० मधलं त्याचं 'स्टारडस्ट' ऐका. सुरुवातीला बिली बटरफील्डचा ट्रम्पेट, मग शॉ, मग जॅक जेनीचा ट्रॉम्बोन फक्त आठ बार. क्लॅरिनेटच्या नुसत्या आवाजाबद्दल बोलायचं तर मी त्याला गुडमनच्या वर ठेवतो. बँड सांभाळण्याबद्दल मात्र नाही. मागे राहिलेल्या पंधरा-सोळा जणांच्या पोटापाण्याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

प्रश्न : मी शाळेच्या बँडमध्ये तिसरा ट्रम्पेट वाजवते. सोलो मला कधीच मिळत नाही. अशा वेळी कुणाला ऐकू?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू फ्रेडी ग्रीनला ऐक. १९३७ मध्ये बेसीच्या बँडमध्ये आला आणि १९८७ मध्ये वारला तोवर तिथेच होता. बेसीच त्याच्या तीन वर्षं आधी गेला. गिटारला ॲम्प्लिफायर नाही, सोलो जवळजवळ नाहीच. बारात चार ठोके, रात्रभर. पहिल्यांदा ऐकशील तेव्हा तो सापडणार नाही. आवाज कमी कर, ट्रम्पेट-सॅक्सोफोनवरून लक्ष काढ आणि बासच्या किंचित वर कान लाव. तिथे एक कोरडा, लाकडी 'चक' आहे. तो सापडला की आवाज पुन्हा वाढव. मग बघ, पंधरा माणसं त्याच्यावर टेकून वाजवताहेत.

आणि 'वन ओ'क्लॉक जंप'च्या शेवटी सगळ्या रांगा आपापला रिफ, म्हणजे फिरून फिरून येणारा छोटा तुकडा, एकमेकांवर रचतात, तिथे ट्रम्पेट्सबरोबर स्वतः वाजवून पाहा. वरचा सूर धरू नकोस. मधला शोध, तो वाजव, आणि मग एकदा तो सोडून देऊन ऐक. काय कमी झालं ते मला लिहून कळव.